छाये, तुझ्या स्पर्धेला प्रतिकूल बाजूच नाही

छाये, तुझ्या नावानं स्पर्धा ठेवलीय. वडूजच्या तुझ्या कॉलेजात, तुझ्याच हॉलमध्ये. पत्रिका घरी आली. गुळगुळीत कागद, वरती तुझा तो शिक्षकदिनाचा फोटो, फोटोग्राफरनं हसा म्हटल्यावर हसलीस तो. खाली विषय : 'इथेनॉल : ऊर्जा स्वावलंबनाचा राजमार्ग'. आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत : 'वक्तृत्व स्पर्धा'. वादविवाद नाही, वक्तृत्व. म्हणजे येईल त्यानं राजमार्गाचं कौतुक करायचं, जो जास्त गोड कौतुक करील त्यानं ढाल घ्यायची, आणि समारोपात तुला श्रद्धांजली वाहायची. मला मुख्य परीक्षक नेमलंय. 'छायाताईंच्या जिवलग मैत्रीण' असं नावापुढं लिहिलंय.

माझं डोकं फिरलं. तू जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी नीट रडलेसुद्धा नाही. रडायला बसावं तर कुणीतरी येऊन काहीतरी बोलतं आणि रागच येतो. शोकसभेत संस्थेचे एक पदाधिकारी उठले आणि म्हणाले, "छायाताई आयुष्यात कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." मागच्या बाकांवर तुझे विद्यार्थी बसले होते, त्यांनी एकमेकांकडं बघितलं. अगं, उलटून कसं बोलावं हे शिकवायलाच तर तुला पगार होता! अर्थशास्त्र तू शिकवायचीस ते तास भरायला. खरी तू दिसायचीस ती तास सुटल्यावर, पोरापोरींना दोन रांगांत उभं करून 'खोड, तिचा मुद्दा खोड' म्हणून ओरडताना.

कशानं गेलीस, कुठल्या दवाखान्यात, काय झालं, ते मी लिहीत नाही. ते सगळ्यांनी विचारून झालंय. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि बोलायचं म्हणजे आपल्यात भांडायचं.

विट्याच्या कॉलेजात आपण एका बाकावर आलो ते दुसरीकडं जागा नव्हती म्हणून. मी धनगरवाड्यातली, बाप दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन जो निघायचा तो पावसाळ्याच्या तोंडावर परत. तू गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. तुझा एक चुलता मॅट्रिक झालेला होता, त्याचा तू लय तोरा मिरवायचीस. आमच्यात तेवढंही नव्हतं. बी.ए. म्हणजे काय हे बापाला सांगताना मी म्हटलं, "तलाठ्याच्या वरचं." त्याला पटलं. आजही मला घरातली पहिली पदवीधर म्हणून कुणी ओळख करून दिली की मी मान खाली घालत नाही. का घालू? तूही घालायची नाहीस.

कॉलेजातल्या सरांनी वादविवादाला आपली जोडी लावली. वादविवादाला जाणाऱ्या कॉलेजांची ही रीत बाहेरच्या माणसाला सांगितली की त्याला खरी वाटत नाही. एका कॉलेजचे दोन वक्ते, एकानं अनुकूल बोलायचं, दुसऱ्यानं प्रतिकूल, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून चषक द्यायचा. म्हणजे एका डब्यातली भाकरी खायची, एका एसटीनं जायचं आणि स्टेजवर एकमेकींच्या विरुद्ध उभं राहायचं. तू मला न विचारताच प्रतिकूल घेतलीस.

"अनुकूल तू घे लते. तुला टाळ्या आवडत्यात."

"आणि तुला?"

"मला माणसं गप झालेली आवडत्यात."

तालीम एसटीत चालायची. एकदा एक आजोबा मागं वळून म्हणाले, "आवं पोरींनो, भांडू नगा. बहिणी-बहिणी दिसताय."

"भांडत न्हाई आजोबा, तालीम हाय," तू म्हणालीस.

"कशाची गं?"

"तेलाची. देशाला तेल बाहेरनं आणावं लागतंय, त्याची."

"मग आणू नगा म्हणावं. आमच्यात शेंगा हायत की मायंदाळ."

मी हसायला लागले. तू हसली नाहीस. तू आजोबांच्या शेजारी जाऊन बसलीस आणि खायचं तेलसुद्धा बाहेरून येतं, शेंगा असून का येतं, हे त्यांना स्टँड येईपर्यंत समजावत राहिलीस. उतरताना ते मला म्हणाले, "ही पोरगी कुणाला ऐकायची न्हाई बग." त्यांना एका प्रवासात कळलं. पदाधिकाऱ्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही.

आता सांगलीचं काढते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं, काढलंस सांगली." काढणारच. सांगलीला अंतिम फेरी होती. विषय : 'परकीय तेलावरील अवलंबित्व हाच राष्ट्राच्या प्रगतीतील सर्वांत मोठा अडथळा आहे'. मी आधी बोलले आणि भारी बोलले. आखातात कुणीतरी बंदूक उचलायची आणि आमच्या एसटीचं भाडं वाढायचं, तिकडं दोन राजे रुसायचे आणि इकडं माझ्या मामाचं पाण्याचं इंजिन बंद पडायचं, हे कुठवर चालायचं? शेवटाला मी म्हटलं, "दुसऱ्याच्या तेलावर चालणारा देश म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरणारं घर. त्या घराला मान कुठला?" टाळ्या थांबेनात. परीक्षकांतल्या एका बाईंनी मान डोलावली. चषक मला दिसायला लागला होता.

मग तू उठलीस. आपल्याच जोडीदाराचा मुद्दा खोडायचा नाही, हा कुठं न लिहिलेला पण सगळ्या कॉलेजांनी पाळलेला नियम. विरुद्ध बाजूचे इतके वक्ते असतात, खोडायचं तर त्यांचं खोडावं. तू सरळ माझंच घेतलंस.

"आत्ता माझ्या मैत्रिणीनं विहिरीचं उदाहरण दिलं. तुम्ही टाळ्या दिल्या. मी त्या घरातली आहे. आमच्या गावात विहीर होती, पूर्ण स्वदेशी. तिच्यावर माझ्या आज्जीला पोहरा टाकू देत नव्हते. लांब उभं राहायचं, कुणाच्या मनात आलं आणि त्यानं वरून ओतलं तर घागर भरायची. आता ती विहीर आटली. आता टँकर येतो. टँकर डिझेलवर येतो आणि डिझेल आखातातनं येतं. माझी आई त्या तेलावर पाणी पिते. त्या तेलानं आजवर आम्हाला जात विचारलेली नाही. अवलंबून तर सगळेच राहतात. कुणावर राहायचं, एवढंच मला सभागृहाला विचारायचंय."

हॉल गप झाला. तुला आवडतो तसा. एकही टाळी नाही.

तुला वैयक्तिक पहिलं मिळालं आणि चषक दुसरं कॉलेज घेऊन गेलं. तुझ्या भाषणानंतर माझा मुद्दा उभाच राहिला नव्हता, मला गुण कोण देणार? सांगलीच्या स्टँडवर तू भडंगाची पुडी घेऊन माझ्यापुढं धरलीस. मी तोंड फिरवलं.

"खा की गं लते. मुद्दा खोडला, तुला न्हाई खोडलं."

"चषक गेला."

"फिरता चषक हुता. पुढल्या वर्षाला परत द्यायचाच हुता."

"आदी सांगायचं हुतंस! तालमीत का न्हाई बोललीस?"

"तालमीत तू कवा विहीर काढलीस? स्टेजवं काढलीस. मग म्या काय करू, गिळू?"

मी आजही म्हणते, तू गिळायला हवं होतंस. निदान त्या दिवशी. हे तुला इतक्यांदा सांगितलं आणि तू इतक्यांदा नाही म्हणालीस की हा वाद आता आपल्या लग्नकार्यात आलेल्या पाहुण्यांनाही पाठ झाला होता. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती सांगते. त्या दिवसापासून कुठलंही उदाहरण तोंडातून काढायच्या आधी मी बघते, समोर बसलेल्यांत ते कुणाच्या अंगावर पडणार आहे. वीज कंपनीच्या कार्यालयात खिडकीवर बसून दिवसभर लोकांच्या शिव्या खाताना मला हे जितकं उपयोगी पडलं तितकं बी.ए.चं एक पुस्तक पडलं नाही. तुझे आभार मानायचे राहिले. मुद्दामच राहू दिले. चषकाचं आधी मिटू दे म्हटलं.

नोकऱ्या लागल्या, तू वडूजला, मी विट्याला. मला यमाईला जायचं असायचं म्हणून आपण औंधला यमाईच्या डोंगराखाली त्या चहाच्या हॉटेलात भेटायचो. मी वर जाऊन यायची, तू खाली बसायचीस. "तुजी देवी उरकून ये, तवर म्या मुद्दे काढते." आणि खाली आले की पाणी प्यायच्या आधी सुरुवात. हॉटेलवाल्याचा भाऊ परमुलखात सोनं गाळायच्या कामावर, गलाईवर, विट्याकडच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी असतं तसा. त्याच्यासमोरच तू म्हणाली होतीस, "आपल्या देशात तेल बाहेरनं आलं की परावलंबन आणि सोनं बाहेरनं आलं की दिवाळी." हॉटेलवाला म्हणाला, "ताई, चहाचं पैसं नगं, पण ह्ये विट्यात बोलू नगा."

मग इथेनॉल आलं आणि आपलं खरंच वाजलं. ती गंमत नव्हती. आमच्या शिवारात उपसा योजनेचं पाणी आलं, भावानं ऊस लावला. कारखाना त्या उसाचं इथेनॉल करतो, ते पेट्रोलमध्ये जातं, तेवढं तेल बाहेरून आणायचं वाचतं. मला यात काही वाईट दिसत नव्हतं, अजून दिसत नाही. तू म्हणालीस, "कोळसा जाळून वीज करायची, त्या विजेनं पाणी डोंगर चढवायचं, त्या पाण्यावर ऊस, उसाची दारू, आणि ती दारू गाडीत ओतून म्हणायचं, बघा तेल वाचवलं! लते, तू वीज कंपनीत हायस. तुला तरी हिशेब लागाय पायजे."

"कोळसा आपला हाय."

"सगळा न्हाई. आणि पाणी? ते कुणाचं? कालव्याच्या टोकाला आमची वस्ती हाय. तुमच्या उसाचं भागल्यावर आमच्याकडं काय येतंय ते एकदा बघाय ये. टँकर अजून येतोय आमच्यात. डिझेलवर. तुमी तेल वाचवताय आणि आमी त्याच तेलावर पाणी पितोय."

तेव्हा मी चिडून बोलले. म्हटलं, "माझा बाप जल्मभर मेंढरांमागं दुसऱ्याच्या मुलखात फिरला. ऊस आला तवा पैल्यांदा दिवाळीला घरात दिसला. त्याचं पाय थांबलं तर तुझ्या पोटात का दुखतंय?" तेव्हा तू गप बसलीस; तशी मी तुला त्या एकदाच पाहिली. मला वाटलं जिंकले. मग तू हळूच विचारलंस, "आण्णांचं पाय आता कसं हायत?" आणि विषय त्यांच्या गुडघ्यांवर गेला. तो वाद तिथंच पडून राहिला. पुढं भेटलो, फोन झाले, पण त्याला आपण दोघींनीही हात लावला नाही. तुझ्याकडं उत्तर होतं, हे मला माहीत होतं. तू ते माझ्या बापासाठी दिलं नाहीस, हेही माहीत होतं. कुणी आपल्यावर दया करून वाद सोडावा, ह्याचा मला केवढा राग येतो, तुला काय सांगू.

तर पत्रिका घेऊन मी तडक वडूजला तुझ्या घरी, तुझ्या आईकडं गेले. ठरवूनच गेले होते, तुझं नाव काढून घ्यायला लावायचं. मावशींनी पत्रिका बुद्धाच्या तसबिरीशेजारी उभी करून ठेवली होती.

"मावशी, ह्यातनं तिचं नाव काढून घेऊया."

"का गं?"

सगळं सांगितलं. कारखान्यानं पैसे दिलेत, विषय त्यांचा, विरुद्ध बोलायला बंदी. ती ज्याच्या विरुद्ध होती त्याचंच कौतुक तिच्या फोटोखाली होणार.

"ऱ्हाऊ दे लते. आमच्यातल्या बाईचं नाव असं कुणी छापलंय का आजवर? गावाकडनं येऊन समद्या वस्तीनं हातात घेऊन बघितलं."

"आवं मावशी, ती असती तर ही पत्रिका फाडली असती तिनं!"

"ती असती तर छापली असती व्हय त्येंनी?"

मावशींनी पत्रिकेवरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हतीच.

"तू म्हणतीयास नाव काढा. नाव काढलं की त्येंचं सोपंच झालं की. मग तिला कोण इचारतंय? नाव ऱ्हाऊ दे आणि उलटं बोलणारं एक माणूस घाल त्येच्यात. मला तुमचं काय कळत न्हवतं. पण छाया बोलाय उठली की पुढं बसलेल्यांची तोंडं बघायची म्या. तसं एकदा दिसू दे."

आम्ही दोघी संस्थेत गेलो. सचिव साहेब भले माणूस आहेत, चहा सांगितला, मावशींना पंख्याखाली बसवलं. म्हणाले, "मॅडम, दुःखाचा प्रसंग आहे. बाईंच्या नावानं वाद नको वाटतो."

"बाईंच्या नावानं वादच पाहिजे," मी म्हटलं. "गोडवे गायचे असतील तर दुसरं कुणी मेलेलं बघा."

मावशी शेजारी बसल्यात हे माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, दाबला, काढला नाही. सचिवांनी चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, बरं, प्रतिकूल बाजूला मुभा देऊ, फलकावर लावू, नाव आलं तर आलं.

फलक लागला. एकही नाव आलं नाही. तुझे विद्यार्थी मला कॉलेजच्या फाटकाशी भेटले. घोळक्यातली एक जण म्हणाली, "मॅडम, आम्हाला लय बोलायचंय. पण घरचा ऊस कारखान्याला जातो." तेवढंच. बाहेरच्याला कळणार नाही म्हणून लिहिते : ऊस तोडायला टोळी कधी पाठवायची हे कारखाना ठरवतो, आणि टोळी लांबली की ऊस उभ्या उभ्या वाळतो, वजन जातं. त्यासाठी कुणाला धमकी द्यावी लागत नाही. कुणी दिलेलीही नाही. नुसतं माहीत असतं सगळ्यांना. आखातातल्या राजांना आपण घाबरतो म्हणून मी स्टेजवर ओरडत होते. ही पोरं इथल्या इथं, आपल्याच मातीत, आपल्याच उसाला घाबरून गप बसलीत, आणि पत्रिकेवर लिहिलंय स्वावलंबन! हे बघून माझ्या अंगाचा जाळ झाला.

परत आत गेले. "प्रतिकूलला नाव लिहा," म्हटलं.

"कुणाचं?"

"माझं."

"तुम्ही तर परीक्षक आहात!"

"परीक्षक दुसरा बघा."

"अहो, विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. आणि तुमचा ऊसही आपल्याच कारखान्याला येतो ना?"

"येतो. विद्यार्थी म्हणून लिहायचं नसेल तर तिची जोडीदार म्हणून लिहा. बक्षिसाला धरू नका. पण बोलणार."

लिहिलं त्यांनी. बाहेर आल्यावर घोळक्यातल्या दोघी आत गेल्या, आपली नावं द्यायला का नुसत्या फलक बघायला, मला ठाऊक नाही. मी थांबले नाही.

भाऊ घरात आकाशपाताळ एक करतोय. "आपल्याच उसाच्या विरुद्ध बोलणार तू? टोळी न आली तर तू तोडणार हायस का ऊस?" त्याचं चूक नाही. ऊस खरंच उभा आहे आणि खरंच वाळू शकतो. मी त्याला म्हटलं, वाळला तर माझ्या पगारातून घे, पण मला गप बसवू नको. आण्णा खाटेवरून म्हणाले, "बोलू दे तिला. मेंढरं घेऊन फिरताना म्या कुणाकुणाच्या शिव्या खाल्ल्या. एक दिस त्या छायाच्या खाऊ." छाये, बघ. ज्याच्यासाठी तू गप बसलीस तोच असा म्हणाला.

आता वही उघडून बसलेय. नीट ऐक. इथेनॉलवर तू चूक होतीस असं मी काल म्हणत होते, आज म्हणते आणि स्टेजवरून उतरल्यावर पुन्हा म्हणीन. हे तुझ्या तोंडावर सांगायचं काही राहिलेलं नाही, सांगून सांगून झालंय. राहिलं ते तू न दिलेलं उत्तर. ते आता मला लिहावं लागतंय, तुझ्या बाजूनं, माझ्या विरुद्ध, माझ्या बापाच्या उसाच्या विरुद्ध. कालव्याच्या टोकाला जाऊन आले काल, तू बोलावलं होतंस तेव्हा गेले नव्हते ती जागा. घागरींची रांग होती. टँकर यायचा होता. आणि लिहायला बसल्यापासून मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतोय सांगू? ते उत्तर बरोबर निघतंय.